त्याच मापानं शीव

येरमाळ्याच्या मंगल कार्यालयासमोर जीप थांबली. आधी दाजी, म्हणजे आमच्या थोरल्या नणंदेचे यजमान, उतरले, मग दोन पिशव्या उतरल्या, मग एक सडसडीत बाई उतरल्या. मी मंदाताईंना विचारलं, "दाजींसोबत ह्या कोण आल्यात?"

मंदाताई म्हणजे माझी थोरली जाऊ, नवरदेवाची आई. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. "अगं बया! आक्का हायत की त्या!"

आक्का म्हणजे आमची थोरली नणंद, नवरदेवाची आत्या. सगळ्या बायका "आक्का, किती बारीक झालाव!" करत पुढे धावल्या. मी जागेवरून हलले नाही. काखेतल्या पिशवीत आक्कांचं लग्नात घालायचं ब्लाऊज होतं, ते मीच शिवलं होतं, आणि ते समोरून येणाऱ्या ह्या बाईंच्या मापाचं नव्हतं. सव्वादहा वाजले होते. मुहूर्त बारा पस्तीसचा होता.

मी कळंबला लेडीज टेलर आहे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. चोवीस वर्षांत किती ब्लाऊज शिवले ते मला सांगता येणार नाही, पण अंगावर माप घेऊ देणाऱ्या बायका किती ते बोटांवर मोजता येईल. आमच्याकडे बायका माप देत नाहीत, मापाचं ब्लाऊज देतात. म्हणजे घरातलं एक जुनं ब्लाऊज आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, "ह्याच मापाचं शीव." आता हे जुनं ब्लाऊज केव्हाचं असतं? तर ज्या वर्षी ते सगळ्यात छान बसलं होतं त्या वर्षीचं. तेव्हा बाईचं पोरगं बालवाडीत असतं, आता त्याला मिशा फुटलेल्या असतात. मी टेप काढला की बाई दोन पावलं मागे सरकते. "राहू दे गं. माझं माप काय बदलत न्हाय."

बदलतं. मला समोर दिसतं ना. पण गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगून धंदा होत नाही, म्हणून मी एक गणित बसवलं. जुनं ब्लाऊज मोजायचं. ते किती वर्षांचं आहे ते गप्पांत काढून घ्यायचं. दर वर्षाला अर्धा इंच धरायचा. लेकीचं लग्न झालं असेल तर वर एक इंच, कारण त्यानंतर बाई जरा निवांत जेवते. तेवढं वाढवून शिवायचं आणि गप्प बसायचं. बाई घालून बघते, आरशापुढे वळून बघते आणि म्हणते, "बघ, म्हणलं न्हवतं? तेच माप हाय!" मी म्हणते, "व्हय की."

शोभाच्या हाताला माप कळतं, असं गावात म्हणतात. हाताला काही कळत नाही, सगळं गणित आहे. आणि ह्या गणितानं मला कधी दगा दिला नव्हता. फक्त एकदा मी ते वापरलं नाही, आणि नेमकी ती वेळ आक्कांची होती.

चार वर्षांपूर्वी मंदाताईंच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. आक्का लोहाऱ्याला असतात. वयानं सगळ्यांत मोठ्या, जिभेला धार. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात कुणी आधी कुणाच्या पाया पडायचं हेसुद्धा त्याच ठरवतात. त्यांनी मापाचं ब्लाऊज पाठवलं आणि फोनवर सांगितलं, "त्याच मापानं शीव. एक दोरा इकडं तिकडं करू नको." ते छत्तीसचं होतं आणि आक्का काही छत्तीसच्या राहिल्या नव्हत्या. पण त्यांच्यापुढे माझं गणित चालवायचा मला धीर झाला नाही. छत्तीस म्हणजे छत्तीस. त्यात कापड अपुरं होतं, त्यामुळे मार्जिनसुद्धा सोडता आलं नाही. मार्जिन म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. अंग सुटलं की शिलाई उसवायची आणि ते बाहेर काढायचं.

आक्कांनी ते ब्लाऊज कसंबसं अंगात चढवलं. मंगलाष्टकं झाली. शेवटच्या "सावधान"ला अक्षता टाकायला त्यांनी हात वर केला आणि डाव्या कुशीची शिलाई काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन गेली. बँडवाल्यांनी नेमका तेव्हाच श्वास घेतला होता, त्यामुळे आवाज चार ओळी मागेपर्यंत गेला. लग्नाच्या व्हिडिओतही तो स्वच्छ आला. भावकीतली पोरं तेवढाच भाग मागे घेऊन घेऊन बघत होती. आक्का पदर गुंडाळून जेवल्या आणि मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. आक्कांचं ब्लाऊज पुन्हा शिवायची वेळ आली, तर त्या काहीही म्हणोत, मी गणितानंच शिवणार.

ती वेळ यंदा आली. मंदाताईंच्या धाकट्याचं, नितीनचं लग्न ठरलं. मुलगी येरमाळ्याची. आत्याचा मान म्हणून आक्कांना हिरव्या काठाची डाळिंबी साडी घेतली. ब्लाऊज पीस साडीतलाच, म्हणजे कापताना चुकलं तर दुसरा मिळायचा नाही. मी आक्कांना मापाचं ब्लाऊज पाठवा म्हणून फोन केला. चार दिवसांनी ओळखीचा एक जीपवाला पिशवी देऊन गेला. उघडून बघते तर आत तेच ब्लाऊज! वांगी रंगाचं, डावी कूस तशीच उसवलेली, चार वर्षांत एक टाकासुद्धा घातलेला नाही.

माझं डोकंच फिरलं. हा सरळसरळ टोमणा होता. मी नवऱ्याला म्हटलं, "बघा तुमच्या बहिणीचं. मापाच्या नावाखाली पुरावा धाडलाय."

नवरा म्हणाला, "तू तुझं शीव की गप."

मी आक्कांना फोन लावला. "आक्का, माप हेच धरू का?"

"मग काय! त्याच मापानं शीव. एक दोरा इकडं तिकडं करू नको."

शब्द न् शब्द तोच. तरीही मी खात्री करून घ्यायची म्हटलं. लोहारा काही हाकेच्या अंतरावर नाही, आमची दीड-दोन वर्षांत गाठ पडली नव्हती. म्हणून व्हिडिओ कॉल केला. आक्का फोन अगदी कपाळाशी धरतात. मला कुंकू दिसलं आणि वरचा पंखा दिसला. मी म्हटलं, "आक्का, जरा लांब धरा की." त्यांनी लांब धरला. आता नुसता पंखा दिसायला लागला. मग मी दाजींना वेगळा फोन केला.

"दाजी, आक्कांची तब्येत कशी हाय?"

"हाय की."

"म्हंजे सुटल्यात का वाळल्यात?"

"हाय तशीच हाय. तिला काय हुतंय?"

एका घरात राहणाऱ्या नवऱ्याहून खात्रीचा साक्षीदार कोण असणार? मी गणित मांडलं. ब्लाऊज फाटलं त्या दिवशी आक्का माझ्या नजरेनं साडेएकोणचाळीस होत्या. चार वर्षांचे दोन इंच. झाले साडेएक्केचाळीस. मोठ्या नणंदेचा आदर म्हणून अर्धा इंच सोडून दिला आणि एक्केचाळीस कापलं. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात तो गोल, तोही त्याच मानानं खोल घेतला. कुशीला दोन-दोन शिलाया मारल्या. ते ब्लाऊज घालून आक्कांनी अक्षता तर सोडाच, ज्वारीचं पोतं फेकलं असतं तरी टाका उसवला नसता. मला त्या ब्लाऊजचा अभिमान वाटत होता.

आणि आता आक्का माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या. मी खाली वाकून पाया पडले, आणि वाकल्या वाकल्या खोटं बोलायचं ठरवलं.

"आक्का, एक घोटाळा झाला. ब्लाऊज कळंबलाच राह्यलं बघा."

"मग हे काय हाय?" म्हणत मंदाताईंनी माझ्या काखेतली पिशवी ओढून काढली. आमच्या मंदाताईंना नको तेव्हा मदत करायची फार हौस.

वऱ्हाडाच्या खोलीत पंधरा-वीस बायका होत्या. कुणी केस विंचरत होत्या, कुणी निऱ्या घालत होत्या. कोपऱ्यात आमच्या चुलतसासूबाई खुर्चीवर बसून सगळ्यांवर नजर ठेवून होत्या. आक्का आतल्या बाजूला जाऊन ब्लाऊज घालून आल्या. खांदे दंडावर उतरले होते. काखेत झोळी झाली होती. सगळे हूक लावूनही पुढून आत मूठ गेली असती.

चुलतसासूबाई म्हणाल्या, "आत आणिक एक बाई बसतीया की गं."

दोघी-तिघी फिसकन हसल्या. आक्का आरशात बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"हे कुणाच्या मापाचं हाय?"

मी खाली वाकून रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले.

"शोभा, तुला इचारलं म्या."

"तुमच्याच, आक्का. म्हंजे... अंदाजानं."

"अंदाजानं? म्या माप धाडलं व्हतं न्हवं?"

"मला वाटलं..."

"येवढी वाटले व्हय मी तुला?"

आक्कांचा आवाज चढला असता तर मी निभावून नेलं असतं, तेवढी सवय आहे. पण तो चढला नाही. त्या गादीवर बसल्या आणि खाली बघत बोलायला लागल्या.

"मागल्या लग्नात भावकीनं हासून घेतलं. फुडं डाक्टरनं शुगर सांगितली. कुणाला बोलले न्हाय, ह्यांस्नी बी न्हाय. दीड वरीस झालं, रोज सकाळी तहसीलपतोर चालत जाती अन् येती. च्यात साखर न्हाय, भात न्हाय. पुरणपोळी नुसती दुसऱ्याला वाढायची. ते फाटकं म्या मुद्दाम शिवलं न्हाय. दर महिन्याला घालून बघायची. आधी चार बोटं फट व्हती. मग दोन. मग एक. हुळीला दोन्ही कडा भिडल्या. तुझा फोन आला अन् म्या तेच पिशवीत घातलं. म्हणलं, दुसऱ्या कुणाला न्हाय, पर शोभाला बरूबर कळंल."

शोभाला काहीही कळलं नव्हतं. चोवीस वर्षांत एका बाईनं मला खरं माप पाठवलं होतं आणि मी नेमकं तेच खोटं धरलं होतं. वर त्याला टोमणा समजून चार दिवस घरात भांडी आपटली होती. मला इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"जाऊ दे," आक्का म्हणाल्या. "मी आपली घरची साडी नेसून हितंच बसती. अक्षता टाकायला येत न्हाय मी."

मंदाताई पांढऱ्या पडल्या. आत्या खोलीत बसून आणि नितीन बोहल्यावर, असं झालं तर भावकी पुढची दहा वर्षं तेच चघळत बसणार. आणि भावकीचं सोडा, नितीन आक्कांच्या अंगाखांद्यावर वाढलेला.

मी आक्कांच्या पुढ्यात खाली बसले आणि खरं ते सांगून टाकलं. "आक्का, मागल्या खेपेला तुम्ही म्हणलाव तसं शिवलं अन् फाटलं. तुम्हाला सगळे हासले ते माझ्यामुळं. ते माझ्या मनातनं गेलं न्हाय. पुन्यांदा फाटू नये म्हणून मोठं केलं."

आक्कांनी मान वर केली. "म्हंजे फाटू नये म्हणून तू मोठं केलंस, अन् फाटू नये म्हणून मी बारीक झाले."

"व्हय."

"एकमेकीला इचारलं का न्हाय गं आपण?"

मी पर्समधून टेप काढला. टेप माझ्या पर्समध्ये नेहमी असतो, तेरवीला गेले तरी असतो. "आक्का, एकदा अंगावर माप घेऊ द्या. मुहूर्ताच्या आत देते. शब्द हाय माझा."

लग्न होऊन मला अठ्ठावीस वर्षं झाली. आक्कांनी टेप कधी जवळ येऊ दिला नव्हता. त्या उठल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात बाजूला पसरून मधोमध उभ्या राहिल्या.

"घे. पर मोठ्यानं वाच."

मी टेप लावला. "छाती छत्तीस."

"मागं ऐकू न्हाय गेलं."

मी चुलतसासूबाईंच्या खुर्चीकडे तोंड करून ओरडले, "छत्तीस!"

"आता कंबर."

"बत्तीस!"

मंदाताईंनी उभ्या उभ्या पोट आत घेतलं. आणखी तिघींनी घेतलं.

"आता शीट."

शीट म्हणजे बैठकीचं माप. ब्लाऊजला ते लागत नाही. पण सांगायची माझी हिंमत नव्हती आणि इच्छाही नव्हती. तेही घेतलं, तेही ओरडून वाचलं. आक्कांनी सावकाश हात खाली केले. "जा आता. शिवून आण."

आता मशीन हवी होती. कार्यालयात बँडवाले होते, फोटोवाले होते, आइस्क्रीमवाले होते, मशीन कुणाकडे असणार? येडेश्वरीच्या देवळाकडे ओटीच्या दुकानांजवळ एक टेलर बसतो, हे मला ठाऊक होतं. दाजींना बाहेर पानटपरीवर गाठलं, कुणाची तरी मोटारसायकल मागायला लावली आणि मागे बसले. वाटेत त्यांना सोडलं नाही.

"दाजी, फोनवर मला हाय तशीच हाय म्हणलाव तुम्ही!"

"अगं, रोज म्होरंच असती ती. हळूहळू गेली आसंल. मला काय दिसतंय?"

टेलर वयस्कर गृहस्थ होते. झेंडे आणि पिशव्या शिवत होते. मी अडचण सांगितली. ते लगेच मशीनवरून उठले. "बसा बाई. मशीन घ्या, कात्री घ्या. पर दोरा भगवाच हाय माझ्याकडं."

डाळिंबी ब्लाऊजला भगवा दोरा. एरवी मी गिऱ्हाइकाला असं काही दिलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं. पण शिलाई आत असते, आणि आत बघायला कोण येतंय?

ब्लाऊज मोठं करण्यापेक्षा लहान करणं सोपं, असं लोकांना वाटतं. इंचभर असेल तर सोपं आहे, नुसती कूस आत घ्यायची. पाच इंच कमी करायचे तर सगळा आकारच बिघडतो. मी बाह्या काढल्या, दोन्ही कुशी उसवल्या. त्या दोन-दोन शिलाया, ज्यांचा मला अभिमान होता, त्या उसवताना माझी नखं गेली. खांद्याची शिलाई वर घेतली, तेव्हा कुठे मुंढा जागेवर आला. टक्स, म्हणजे पुढच्या बाजूच्या चुण्या, नव्यानं घातल्या. प्रत्येक कुशीत अडीच इंच आत घेतले. बाह्या खालून कमी केल्या, वरचा काठ तसाच ठेवला. आतलं जास्तीचं कापड कापून टाकायला वेळ नव्हता, ते दुमडून कच्चा टाका मारला. दाजी दर पाच मिनिटांनी घड्याळ वाचून दाखवत होते. शेवटी टेलरनीच त्यांना चहा आणायला पाठवलं.

बारा वाजून दहा मिनिटांनी मी खोलीत होते. आक्का ब्लाऊज घालून बाहेर आल्या. कुठे एक सुरकुती नव्हती. चुलतसासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि तेवढ्यावरच थांबल्या.

मंगलाष्टकांना मी आक्कांच्या बरोबर मागे उभी राहिले, पदराला सुईदोरा टोचून. एकेक "सावधान"ला माझा हात सुईकडे जात होता. शेवटचं आलं. आक्कांनी हात वर केला. गरजेपेक्षा कितीतरी वर केला, पूर्ण ताणून. मी डोळे मिटले. काहीही आवाज झाला नाही. मग बँड सुरू झाला. डोळे उघडले तेव्हा आक्कांची दुसरी मूठ दोन ओळी मागे चुलतसासूबाईंच्या डोक्यावर पडत होती. नवरदेव एकदम उलट्या दिशेला होता, त्यामुळे नेम चुकला असं मी म्हणणार नाही.

संध्याकाळी जीपमध्ये बसताना आक्कांनी मला जवळ बोलावलं. "आतलं कापड कापून टाकलंस का?"

"न्हाय आक्का, तसंच हाय."

"बरं केलंस. असू दे." मग आणखी हळू आवाजात, "अन् ते फाटकं दे माघारी. शिवू नको."

त्या दिवसापासून मी दुकानात नियम केलाय. मापाचं ब्लाऊज घेते, पण अंगावर टेपही लावते. बाई दोन पावलं मागे सरकली की मी तीन पुढे जाते. गणित खोटं नाही, शंभरात नव्व्याण्णव बायकांना ते अजून लागू पडतं. पण शंभरावी बाई कोण आहे हे टेप लावल्याशिवाय कळत नाही, आणि ती आपल्याच नात्यातली निघते.

दिवाळीच्या तोंडावर आक्कांचा फोन आला. नवीन साडी घेतली होती. "मापाचं ब्लाऊज धाडती. त्याच मापानं शीव."

मी म्हटलं, "धाडू नका आक्का. मीच येते टेप घेऊन. दिवाळी झाली की येते."



"फराळाच्या आधी ये," आक्का म्हणाल्या.